पाण्याची नाडी

थंडीतल्या एका सकाळी मी मोजायला शिकलो. लूर, म्हणजे माशाला भुलवणारं खोटं आमिष, पाण्यात पडला, काठीच्या टोकाने दोन हलके झटके दिले आणि हात थांबवला. एक, दोन, तीन, चार. पाचाच्या पुढे बोटं वळवळायला लागतात. रीलची मूठ हातात असताना ती फिरवायची नाही, हे किती अवघड आहे ते गळ टाकून बसणाऱ्यालाच कळेल. सात, आठ. पाण्यात दीडेक मीटर खाली बोटभर लांबीचा एक खोटा मासा तसाच लटकला होता, वरही येत नव्हता, बुडतही नव्हता. अकरा म्हटलं आणि पाण्यावर सैल पडलेला तंगूस जरासा सरळ झाला. झटका नाही, ओढ नाही, नुसता ढिलेपणा गेला. मी काठी उचलली तेव्हा पलीकडे वजन होतं.

त्याआधीचे दोन हिवाळे मी रिकाम्या हाताने घरी आलो होतो. डबा मात्र भरलेला असायचा. दर पंधरा मिनिटांनी लूर बदलायचो. चंदेरी झाला की हिरवा, हिरवा झाला की लाल डोक्याचा, मग पुन्हा चंदेरी. त्याच काठावर माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे असलेले एक काका बसायचे. माझी ही धावपळ त्यांनी बरेच दिवस मुकाट्याने पाहिली आणि एकदा म्हणाले, "लूर कशाला सारखा बदलतोस? हात बदल."

"हात कसा बदलू, काका?"

"अरे, थांब की जरा. टाकल्यावर मोज. वीसपर्यंत मोज."

वीसपर्यंत काही मी मोजू शकलो नाही, पण अकरापर्यंत पोचलो. तेव्हापासून मला वाटत आलंय की ऋतूनुसार लूर निवडणं म्हणजे ऋतूनुसार वेग निवडणं. डब्यातले चमचे, फिरक्या, जिग म्हणजे जड डोक्याचे हुक, रबरी गांडुळं, बेडूक ही सगळी वेगवेगळे वेग साधण्याची हत्यारं आहेत. कोणतं हळू चालवलं तरी जिवंत वाटतं, कोणतं जोरात ओढल्याशिवाय हलतच नाही, हे कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं पाणी सांगतं. म्हणून माझ्या पिशवीत दोरीला बांधलेला एक साधा थर्मामीटर असतो. काठावर पोचल्यावर काठी जोडण्याआधी मी तो पाण्यात सोडतो. हवेचं तापमान फसवतं. दुपारी घाम फुटला म्हणून पाणी तापलं असं होत नाही, तलावाला तापायला आठवडे लागतात आणि निवायलाही.

मासा थंड रक्ताचा. त्याच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच, किंवा जवळजवळ तेवढंच. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या घडामोडींचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. खाल्लेलं पचायला जास्त वेळ, स्नायू हलायला जास्त वेळ. आठ अंशांच्या पाण्यातला मासा उपाशी असेलच असं नाही, आणि उपाशी असला तरी तो हिशेबी असतो. समोरून जाणाऱ्या घासामागे धावण्यात जेवढी ताकद जाईल तेवढी त्या घासातून परत मिळणार नसेल तर तो जागचा हलत नाही. मी दोन हिवाळे त्याच्या नाकासमोरून लूर पळवत नेत होतो. तो बघत असेल, पण उठत नव्हता.

थंडीतल्या पाण्याची आणखी एक गंमत मला फार आवडते. पाणी सगळ्यात जड असतं ते चार अंशांना. त्याहून थंड झालं की ते पुन्हा हलकं व्हायला लागतं आणि वर येतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत, जिथे वर बर्फ धरतो तिथेही, खोल तळाचं पाणी चार अंशांच्या आसपास टिकून राहतं. माशांचा हिवाळा या चार अंशांच्या आधाराने जातो. मासा खोलात जातो, तळाशी जातो, एकमेकांना धरून राहतो, आणि एकाच जागी तीन लागले की पुढचे दोनशे मीटर सुने असतात. अशा वेळी लहान, बारीक आणि सावकाश चालणारं काहीतरी हवं. शिशाच्या डोक्याचा छोटा जिग तळावरून ओढत आणायचा, ओढत म्हणजे इंचाइंचाने. शिशाऐवजी टंगस्टनचं वजन परवडत असेल तर ते घ्यावं. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा मणी बराच लहान होतो आणि तळाची माती, खडा, फांदी हे सगळं हाताला जास्त स्पष्ट कळतं. शिवाय शिसं विषारी आहे. तुटून पाण्यात राहिलेलं शिसं पाणपक्षी गिळतात, हे एकदा कळल्यावर मला ते वापरवत नाही.

दोराही इथे महत्त्वाचा ठरतो. साधा नायलॉनचा तंगूस ताणला की लांबतो, त्यामुळे थंडीतली ती नाजूक चाहूल वाटेतच विरून जाते. विणलेला दोरा जवळजवळ लांबत नाही, पण तो पाण्यावर तरंगतो आणि डोळ्यात भरतो. म्हणून मी विणलेल्या दोऱ्याच्या पुढे फ्लुरोकार्बन नावाच्या प्लास्टिकचा दोन हात तंगूस जोडतो. ते पाण्यात बुडतं, आणि त्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, १.४२ च्या जवळ, म्हणजे नायलॉनपेक्षा पाण्याच्या १.३३ ला बराच जवळचा, त्यामुळे ते कमी दिसतं. गाठ बांधताना मात्र ती थुंकीने ओली करून सावकाश आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने ती तिथेच दुबळी होते आणि नेमकी मोठ्या माशाच्या वेळी सुटते.

आणि थंडीत पहाटे उठायचं कारण नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी गोठलेल्या पहाटा वाचल्या असत्या. सकाळभर ऊन खाल्लेला उथळ खडकाळ काठ दुपारी दोनच्या सुमाराला एखाद्या अंशाने तापतो, आणि थंड पाण्यात तो एक अंश पुष्कळ असतो.

पाण्याचं तापमान चढायला लागलं की सगळं बदलतं, पण एकदम नाही. आधी उथळ खाड्या तापतात, काळ्या चिखलाचा तळ असलेल्या जागा तापतात, वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ तापतो. वारा नुसतं तापलेलं वरचं पाणीच ढकलून आणत नाही, त्याच्याबरोबर बारीक जीव येतात, त्यांच्यामागे चिल्लीपिल्ली मासळी, आणि तिच्यामागे आपण ज्यासाठी आलोय तो. वाऱ्याकडे तोंड करून फेकणं त्रासाचं असतं, लूर अर्ध्यातच पडतो, दोऱ्याचा गुंता होतो. तरीही मी त्याच काठावर उभा राहतो. इथे मध्यम वेग चालतो. फिरकी म्हणजे गरगरणाऱ्या पात्याचा स्पिनर, किंवा थोडा खोल जाणारा क्रँकबेट, म्हणजे ओढला की लटपटत बुडी मारणारा खोटा मासा, खुंटांना आणि दगडांना आपटत आणायचा. आपटून तो क्षणभर बाजूला झुकतो आणि नेमकी तेव्हाच धडक बसते. सरळ रेषेत येणारा लूर माशाला फार वेळ बघू देऊ नये.

भर उन्हाळ्याविषयी मी बरीच वर्षं चुकीचा विचार करत होतो. वर पाणी तापलं म्हणजे मासा थंडाव्याला सगळ्यात खोल जाणार, असं साधं गणित होतं. सात-आठ मीटर खोल डोहाच्या तळाशी मी तासन् तास जिग घालत बसलो आणि एक कासवही हललं नाही. पुढे कळलं की उन्हाळ्यात स्थिर पाण्याचे थर पडतात. वर तापलेलं हलकं पाणी, खाली थंड जड पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक पट्टा, जिथे हातभर अंतरात तापमान झपाट्याने उतरतं. पोहताना बुडी मारली की पायांना एकदम गार लागतं ते हेच. हे थर एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे खालच्या पाण्याला वरून हवा मिळत नाही. तळाशी कुजणारी पानं आणि शेवाळ तिथला प्राणवायू वापरून टाकतात. गाळाच्या, शेवाळलेल्या तलावात त्या थंड खोलीत माशाला श्वास घेता येत नाही. मी रिकाम्या खोलीचं दार ठोठावत होतो. मासा त्या पट्ट्याच्या थोडा वर असतो, जिथे गारवाही जरा आहे आणि श्वासही घेता येतो.

तापलेल्या पाण्याची अडचण दुहेरी आहे. शून्य अंशाला एका लिटर गोड्या पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, वीस अंशांना ९.१, तीस अंशांना ७.५ च्या आसपास. म्हणजे माशाचं शरीर सगळ्यात जोरात चालतं आणि त्याला सगळ्यात जास्त श्वास लागतो, तेव्हाच पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. म्हणून उन्हाळ्यात खळाळ शोधावा, धबधब्याखालचा फेस शोधावा, झरा मिसळतो ती जागा शोधावी. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशाच्या बाबतीत तर पाणी वीस अंशांच्या वर गेलं की मी काठी जोडतच नाही. लढून दमलेला ट्राउट तापलेल्या पाण्यात सोडला तरी सावरत नाही. पोहत गेला म्हणजे जगला असं नसतं.

पण उन्हाळ्याची पहाट! ती मात्र थंडीतल्या सगळ्या पहाटांची भरपाई करते. पाणी आरशासारखं, त्यावर धुक्याचा पातळ पदर, आणि पृष्ठभागावर चालणारा लूर. अशाच एका लुराचं, पॉपरचं, तोंड आतून खोलगट असतं. काठीचा छोटा झटका दिला की तो पाणी उडवतो आणि 'बुळुक' असा आवाज येतो. झटका, विश्रांती. झटका, विश्रांती. पडल्यावर उठलेली वलयं विरेपर्यंत मी त्याला हलवत नाही. कमळाच्या पानांत, शेवाळाच्या चादरीवर चालवायचा तो रबरी बेडूक. त्याच्या दोन हुकांची टोकं पाठीला चिकटलेली असतात म्हणून तो कशात अडकत नाही. इथे दोरा विणलेलाच हवा, तरंगणारा, कारण बुडणारं फ्लुरोकार्बन लुराचं नाक खाली ओढतं.

या बेडकावर मासा येतो तेव्हा पाणी फुटतं. दुसरा शब्द नाही. सपाट हिरव्या चादरीत एकदम भोक पडतं, आवाज आधी पोटात जाणवतो आणि मग कानात. त्या क्षणी काठी ओढली की बेडूक तुमच्याच अंगावर उडत येतो आणि मासा गेलेला असतो. माझे असे किती गेले त्याची मोजदाद नाही. मासा बेडकाला शेवाळासकट तोंडात घेतो, वळतो, मग त्याचं तोंड मिटतं. त्याला वळू द्यायला हवं. पाणी फुटलं की काठी खाली झुकवायची, सैल दोरा भरायचा, वजन जाणवलं की मगच जोरात उचलायचं. डोळ्यांनी बघून ओढायचं नाही, हाताला कळल्यावर ओढायचं. वर्षभरातला सगळ्यात वेगवान ऋतू, आणि तिथेही शेवटी थांबणंच कामी आलं.

पाण्याचं तापमान पुन्हा उतरायला लागतं ते दिवस मोठ्या माशांचे. वरचा थर थंड होऊन जड होतो, खाली जातो, आणि महिनोन् महिने वेगळे राहिलेले थर एकमेकांत मिसळतात. त्या मिसळण्याच्या चार-आठ दिवसांत काहीच लागत नाही, तेव्हा वाहत्या पाण्यावर जावं हे बरं. नंतर मात्र मासा थंडीची बेगमी करत लहान माशांच्या थव्यांमागे उघड्या पाण्यात फिरतो. तेव्हा चमचा. जेवणाच्या चमच्यासारखाच दिसणारा हा धातूचा पत्रा, आणि गळ टाकणाऱ्यांत सांगतात की ज्युलिओ ब्यूल या अमेरिकन माणसाच्या हातून खाताना चमचा तळ्यात पडला आणि बुडता बुडता एका माशाने तो उचलला, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. गोष्ट खरी असो नसो, त्याने १८५२ मध्ये चमच्याच्या लुराचं पेटंट घेतलं एवढं नक्की. मला त्याहून जवळची वाटते ती फिनलंडच्या लौरी रापाला यांची हकीकत. ते पोटासाठी मासे धरत. होडी वल्हवताना त्यांच्या लक्षात आलं की लहान माशांच्या आख्ख्या थव्यातून मोठा मासा नेमका तो एक उचलतो, जो जरा वेगळा, लटपटत पोहतोय. १९३६ मध्ये त्यांनी बुचातून तसाच लटपटणारा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज आपण प्लास्टिकचे हजार रंगांचे मासे वापरतो, पण त्या सगळ्यांच्या पोटात तीच लटपट आहे. घाबरलेल्या, आजारी माशाची चाल.

रंगांविषयी मला नेहमी विचारतात. माझं मत सरळ आहे, रंग सगळ्यात शेवटी. आधी खोली, मग वेग, मग आकार. नितळ पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, खाली तो करडा-काळा दिसतो. आपण ज्या लाल ठिपक्यासाठी जास्त पैसे मोजतो तो सहा मीटर खाली माशाला लाल दिसतच नाही. नितळ पाण्यात रंगापेक्षा मी स्वतःला लपवण्याची काळजी जास्त घेतो. माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या कोनातून. काठावर ताठ उभा माणूस त्या खिडकीच्या कडेला येतो, बसलेला येत नाही. म्हणून नितळ पाण्यावर मी गुडघ्यावर बसून फेकतो.

पावसाळा मी शेवटी ठेवला, कारण त्याबद्दल मला सांगायचं आहे ते नुसत्या लुरांचं नाही.

पाणी गढूळ झालं की डोळे निकामी होतात. पण माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत सूक्ष्म छिद्रांची एक रेघ असते. तिच्यात केसांसारख्या पेशी असतात, आणि जवळच्या पाण्यातली बारीकशी हालचालही तिला कळते. आवाजही पाण्यात सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. तेव्हा गढूळ पाण्यात लूर ऐकू यायला हवा. अरुंद विलो पात्याची फिरकी काढून गोल, रुंद कोलोरॅडो पात्याची लावायची. ती हळू ओढली तरी पाण्याला थपडा मारत येते आणि काठीच्या मुठीत थरथर जाणवते. रंग गडद काळा, किंवा झगझगीत पिवळा-हिरवा. आणि वेग पुन्हा कमी, माग काढत येणाऱ्याला वेळ मिळायला हवा. फेकायचंही लांब नाही. चढत्या पाण्यात मासा धार टाळून काठाच्या गवतात, नुकत्याच बुडालेल्या झुडपांत येतो, अगदी पायाशी. नदीचं पाणी झपाट्याने चढत असेल तर मात्र सामान आवरून निघावं, तिथे कुठलाही मासा जिवापेक्षा मोठा नाही.

याच दिवसांत मरळीची पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात. पाण्यावर नारिंगी-तांबूस ठिपक्यांचा एक गोळा हलताना दिसतो, वर येतो, फुटतो, पुन्हा एक होतो. ती शेकडो पिल्लं, आणि त्यांच्या खाली आई-बाप. पिल्लांजवळून बेडूक ओढला की मरळ त्यावर हमखास येते. ती खायला येत नाही, राखायला येते. हे मला माहीत होतं. तरी एका पावसाळ्यात मी फेकला. दुसऱ्याच फेकीला पाणी फुटलं आणि मनगट दुखेपर्यंत ओढावी लागली अशी मरळ मी काठावर आणली. हुक काढला, फोटो काढला, चांगला आला नाही म्हणून दुसरा काढला, वजन केलं. सहा-सात मिनिटं गेली असतील. मग सोडली. ती गेली, पण पिल्लांकडे नाही, सरळ खोलात. तो नारिंगी गोळा जिथे होता तिथे पाणी बारीक बारीक उकळल्यासारखं दिसत होतं. छोटे मासे तुटून पडले होते. मी तिथेच उभा होतो. थोड्या वेळाने पाणी शांत झालं आणि एकही ठिपका दिसेना.

बास हा परदेशी मासाही असाच. त्याचा नर घरट्यावर पहारा देतो आणि घरट्यात पडलेली कुठलीही वस्तू तोंडाने उचलून दूर नेऊन टाकतो. त्यालाही त्या दिवसांत गळाला लावणं सगळ्यात सोपं असतं. राखणीला बसलेला मासा धरण्यात कौशल्य कसलं? मी त्यानंतर सगळ्या हुकांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले. हात ओले केल्याशिवाय माशाला लावत नाही, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो. आणि मासा पाण्याबाहेर तेवढाच वेळ, जेवढा वेळ मी स्वतःचा श्वास रोखू शकेन.

गेल्या पावसाळ्यात त्याच पाण्यावर गेलो होतो. थर्मामीटर सोडला, पंचवीस अंश. पिवळ्या-हिरव्या पात्याची फिरकी बांधून काठाने चाललो होतो, तर लव्हाळ्याच्या आड, चार हातांवर, पाण्याला तांबूस झाक. वाकून पाहिलं. पिल्लं होती, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, आणि सगळीच्या सगळी एका श्वासाने हलल्यासारखी वर यायची, पृष्ठभागाला तोंड लावायची, खाली जायची. मी हुक काठीच्या कडीत अडकवला आणि बसलो. बऱ्याच वेळाने त्यांच्या मधोमध एक काळपट रुंद डोकं अलगद वर आलं. हवेचा एक घोट घेतला. पाण्यावर दोन बुडबुडे राहिले. पिल्लं बाजूला झाली होती, ती पुन्हा तिच्या भोवती जमली.